सत्ताविसावं वल्हं

माझ्या बायकोला होडी चालवता येते, हे मला लग्नानंतर सदतीस वर्षांनी कळलं. तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. भल्या पहाटे नदीकाठी, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय चिखलात, अशा अवतारात उभा राहून मी ते या डोळ्यांनी पाहिलं. आधी वाटलं, चोरी झाली. मग वाटलं, बायको बुडाली. आणि सगळं खरं कळलं तेव्हा वाटलं, नुसती चोरी झाली असती तर किती बरं झालं असतं.

क्रमाने सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भरकटला.

मी सुतार. चाळीस वर्षं रंधा मारतोय, आणि लोक म्हणतात की माझी जीभही तशीच चालते, समोरच्याची सालं निघतात. आमच्या गावाने नदीकडे कायम पाठ केलेली. घरांच्या मोऱ्या तिकडे, मोडक्या खुर्च्या तिकडे, नको असलेलं सगळं तिकडे. दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंच्या डोक्यात आलं की हे थांबवायचं. बाई भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तात नाही. त्यांचं म्हणणं, ज्या पाण्यावर माणूस जाऊन बसतो त्यात तो घाण टाकत नाही. तेव्हा होडीघर बांधायचं, सगळ्या गावाचं. ज्याला वाटेल त्याने यावं, होडी काढावी, तासभर वल्हवावं आणि परत आणून ठेवावी.

मी म्हणालो, "बाई, इथे लोक मागून नेलेली शिडी परत आणत नाहीत."

"म्हणूनच दाराचं काम तुमच्याकडे, मिस्त्री," बाई म्हणाल्या.

झालं, अडकलो. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी अख्खं गाव राबलं. कुणी विटा वाहिल्या, कुणी पत्रे चढवले, आणि ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांनी सल्ले दिले. दहा होड्या आल्या. त्या ठेवायला मी भिंतीला फळ्यांच्या मांडण्या केल्या. आमची ही दुपारी माझा डबा घेऊन यायची. एकदा मांडण्या बघून म्हणाली, "होड्या उताण्या ठेवू नका, पालथ्या ठेवा. आणि आडवे दांडे एकमेकांपासून थोडे लांब घ्या, नाहीतर होड्या पोटात वाकतील."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"असंच. वाटलं," ती म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

मी तिला दोन शब्द सुनावले, आणि ती गेल्यावर गुपचूप दांडे लांब घेतले. बाईंनी कौतुक केलं ते मी घेतलं. खोटं कशाला बोलू.

बाईंची एक अट होती. होड्या सगळ्यांच्या, वल्हं मात्र ज्याचं त्याचं. आपल्या मापाचं वल्हं खुंटीला टांगलेलं असलं की माणसाचे पाय आपोआप नदीकडे वळतात, असं त्यांना वाटायचं. म्हणजे प्रत्येकाचं माप घेणं आलं. माणसाला स्टुलावर ताठ बसवायचं आणि बैठकीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत मोजायचं. तेवढा दांडा, त्याच्या पुढे पातं. मी भिंतीवर पेन्सिलीने ओळीने लिहीत गेलो: नाव, इंच, सूत. इंचाचे सूत आठ, हे तोपर्यंत गावातल्या शिंप्यालाही पाठ झालं होतं. असे सव्वीस जण झाले.

एके दिवशी बघतो तर सव्विसाव्या ओळीखाली आणखी एक ओळ. नाव नाही, नुसतं अठ्ठावीस इंच तीन सूत. मला वाटलं, शिंप्याने स्वतःचं माप दुसऱ्यांदा घेतलं असेल, संशयी माणूस आहे. केलं मी तेही वल्हं. एक हलकी, सरळ रेषांची फळी बरेच दिवस जपून ठेवली होती, त्यातून ते निघालं, आणि सगळ्यांत देखणं झालं. शिंप्याला दिलं तर म्हणाला, माझं नाही. मग बाईंनी जास्तीचं करून घेतलं असणार, असं धरून मी सत्ताविसावी खुंटी ठोकली आणि टांगून टाकलं. रोज त्याच्याकडे बघायचो. मनात यायचं, असली कारागिरी कुणा नवशिक्याच्या हाती जाणार.

त्याच सुमारास घरात हिच्या खांद्याचं निघालं. डावा हात वर्षभर दुखत होता, तो आता वर जाईना. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. दुखणं जाईल, पण नंतर हात खांद्याच्या वर उचलला जाणार नाही आणि त्यात जोरही राहणार नाही. सोमवारची तारीख मिळाली. मी काय केलं माहितीये? स्वयंपाकघरातली वरची फळी आठ इंच खाली घेतली, तिला डबे काढता यावेत म्हणून. आणि स्वतःवर खूष झालो.

होडीघराचं उद्घाटन त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी ठरलं होतं.

त्यात माझं एक भांडण लेकीशी चालू होतं. ती दोन गल्ल्या सोडून राहते. होडी शिकणाऱ्या मुलांच्या तुकडीची यादी आली, तर अख्ख्या गावाची पोरं तिच्यात आणि माझ्याच नातीचं नाव नाही. मी तिच्या दारात जाऊन विचारलं, "आजोबा होडीघर बांधतो आणि नात घरी बसणार?"

"राहू दे ना बाबा," लेक म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे की."

"मला काय डोंबल माहीत आहे?" मी म्हणालो आणि तरातरा निघून आलो. आठ दिवस तिच्याकडे चहाला गेलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी नदीकडचं मोठं दार लावून बघितलं, तर डावं दार जमिनीला घासत होतं. दोन सूत. पण माझ्या हातचं दार घासतं, हे गावासमोर मी कसं चालवून घेणार? मी बाईंना सांगितलं, उद्घाटन पंधरा दिवस पुढे. दार उतरवतो, तासतो, पुन्हा रोगण देतो. बाईंनी डोक्याला हात लावला, पण माझ्यापुढे कुणाचं चालतं.

घरी येऊन तेच सांगितलं. ही एका हाताने कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"तसंच उघडलं तर?" तिने विचारलं.

"दार घासतंय."

"किती?"

"दोन सूत."

"दोन सुतांसाठी पंधरा दिवस?"

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

तिने माझ्या शर्टाची घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

शनिवारी उजाडता उजाडता जाग आली, तर शेजारी ही नाही. गेली असेल फिरायला. मी हत्यारांची पिशवी घेतली. खिळ्यावर होडीघराची किल्ली नव्हती. म्हटलं, कालच्या रागाच्या भरात कुठेतरी टाकली असेल. होडीघराशी आलो तर कुलूप उघडं, दार सताड. आत गेलो. खालच्या दांड्यावरची एक होडी गायब. आणि सत्ताविसावी खुंटी रिकामी.

माझं टाळकंच सरकलं. नेलं तर नेलं, तेच वल्हं नेलं. मी चोर चोर म्हणून ओरडत उतारावरून खाली धावलो, त्यात चप्पल चिखलात राहिली. ऐकायला एक कुत्रं होतं, तेही उठलं नाही. धुकं पाण्यापासून हातभर वर उचललेलं. आणि त्याखाली, नदीच्या पार मधोमध, होडी. होडीत राखाडी स्वेटर.

तो स्वेटर मी ओळखतो. त्याच्या कोपराला ठिगळ आहे.

मला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला दम लागतो, हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नाही. मी घोटाभर पाण्यात उभा राहिलो आणि माझी बायको आता माझ्या डोळ्यांदेखत बुडणार म्हणून स्वेटरवरची नजर काढली नाही.

बुडेना. मग हळूहळू मला दिसायला लागलं. ती गुडघ्यांवर बसली होती. वल्हं फक्त उजवीकडून मारत होती, डावा हात दांड्याच्या टोकाला नुसता टेकलेला, छातीपाशी. एकाच बाजूने मारलं की होडी गोल फिरायला हवी, एवढं मलाही दोन वर्षांत कळलं होतं. तिची होडी ओळंब्यासारखी सरळ चालली होती. प्रत्येक खेपेला शेवटी मनगट जरासं वळत होतं, पातं पाण्यातून आवाज न करता बाहेर येत होतं. हातात कसब असलेला माणूस मी लांबून ओळखतो. हे एका दिवसाचं काम नव्हतं, एका वर्षाचंही नव्हतं. मी आ वासून बघत राहिलो.

तिने मला पाहिलं. दचकली नाही. होडीचं तोंड प्रवाहाकडे वळवलं, तिरपी तिरपी काठाला आणली आणि माझ्यापासून दोन हातांवर उभी केली.

"चप्पल कुठाय?" तिने विचारलं.

"तू... तुला हे कुठून?"

"मामाकडे."

शाळेची सगळी वर्षं ती मामाकडे होती, एवढं मला माहीत होतं. मामा टपाल वाटायचा, हेही माहीत होतं. मामाच्या भागात नद्यांचं जाळं होतं आणि टपाल होडीने वाटावं लागायचं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मामाला दम्याचा त्रास. तो आजारी पडला की पोतं घेऊन ही जायची, वयाच्या अकराव्या वर्षापासून. दिवसाला सोळा घरं. हे ती उभ्या उभ्या सांगत होती, शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तसं. आणि मी सदतीस वर्षं हिच्या शेजारी झोपत होतो. ताकास तूर लागू दिली नव्हती हिने.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. आवाज चढला माझा. घाबरलो की माझा आवाज चढतो.

"बोलले होते," ती म्हणाली. "लग्नानंतर चौथ्या दिवशी. पुलावर उभे होतो आपण. मी विचारलं, इथे होडी मिळते का. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे बायका पाण्यात जात नाहीत."

मला काहीच आठवेना. पूल आठवला. तिने घातलेला हिरवा चुडा आठवला. ते वाक्य आठवेना.

"मी असं म्हणालो?"

"अगदी असंच. मग मी गेले नाही." तिने वल्हं आडवं मांडीवर घेतलं. "भिंतीवर माप मीच लिहिलं होतं. स्टुलावर बसून, तुमच्याच टेपने. म्हटलं, बघू काय म्हणतात. तुम्ही काही न बोलता वल्हं केलंत, इतकं सुंदर केलंत, खुंटीला लावलंत. मला वाटलं, तुम्ही हो म्हणालात. रविवारची वाट बघत होते मी. मग काल ते दोन सूत निघाले. परवा खांदा कापणार. म्हटलं, आता कुणी काही म्हणो, एकदा जाऊन येते."

मी चिखलात खाली बसलो. तिचा आठचा आकडा मी दर आठवड्याला वाणसामानाच्या यादीत बघतो. खालून शेपूट काढते ती त्याला. भिंतीवरच्या आठालाही शेपूट होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणि मग, बसल्या बसल्या, मला ते वाक्य आठवलं. म्हणजे ते का म्हणालो असेन ते आठवलं. नवी नवरी होडी मागतेय. उद्या म्हणेल, तुम्हीपण बसा. मग मी काय करणार होतो? तिच्यासमोर थरथरणार होतो? म्हणून उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"अगं, तसं काही नव्हतं," मी म्हणालो. "आमच्याकडे असलं काही नव्हतंच कधी. मला पाण्याची भीती वाटते. म्हणून काहीतरी ठोकून दिलं."

मला वाटलं ती चिडेल. चिडायलाच हवी होती. तिचा चेहरा मात्र पांढरा पडला. होडी किंचित हलली, कारण तिने बाजू घट्ट धरली होती.

"काही नव्हतं?" ती म्हणाली. "पण मी आईंना विचारलं होतं."

"कुणाच्या आईंना?"

"तुमच्या. माझ्या सासूबाईंना. त्याच आठवड्यात. त्या म्हणाल्या, तो म्हणाला का असं? मग त्याच्या वडिलांकडचं काहीतरी असेल. म्हणाल्या, मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नदीवर गेल्या नाहीत."

माझी आई रोज संध्याकाळी नदीवर जायची. पायऱ्यांवर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडायची, उन्हाळ्यात सरळ पोहायची. लहानपणी मी काठावर बसून तिची वाट बघायचो आणि तिचं डोकं पाण्याखाली गेलं की रडायचो. माझ्या लग्नाच्या वर्षी तिने जाणं सोडलं. मी धरून चाललो की गुडघे गेले. तिला चांगली सागवानी काठी करून दिली. ती तिने कोपऱ्यात उभी केली, आणि अकरा वर्षांनी ती गेली तेव्हा काठीचं टोक नवं कोरं होतं. एकदाही टेकवलेलं नव्हतं. गुडघ्यांना तिच्या काहीही झालेलं नव्हतं.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला त्या पहाटे कळलं. जे वाक्य बोलून मी दुसऱ्या पावलाला विसरलो, ते घरात काळ्या दगडावरची रेघ होऊन बसलं होतं. आणि माझ्या मनात दुसरी गोष्ट लख्ख आली. तुम्हाला माहीत आहे की, असं लेक म्हणाली होती.

"लेकीला तू सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"सांगणारच ना. आपल्याकडची पद्धत म्हणून," ही म्हणाली. मग ती रडायला लागली. आवाज न करता, वल्हं मांडीवर तसंच धरून. मी उठून होडीची कड धरली. पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं होतं. सोडली मात्र नाही.

तिथून मी थेट मास्तरीणबाईंच्या घरी गेलो, त्याच चिखलाच्या पायांनी. म्हटलं, उद्घाटन उद्याच. बाईंनी विचारलं, दाराचं काय? मी म्हणालो, घासू दे.

रविवारी दार उघडलं तेव्हा ते सगळ्यांच्या देखत करकरलं. शिंपी हसला. हसू दे. सव्वीस जणांनी आपापली वल्ही काढली, आणि सत्ताविसावी खुंटी रिकामी करून ही सगळ्यांच्या आधी पाण्यावर गेली. कुणाला काही कळेना. बाई तर बोलायला उभ्या राहिल्या होत्या, त्या बोलायचंच विसरल्या. ही समोरच्या काठाला लागून परत आली, तेव्हा काठावर अशी शांतता होती की पात्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते.

लेक वरच्या पायरीवर उभी होती. नातीचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. ती आईकडे बघत होती, जणू आई नव्हे, दुसरीच कुणी बाई.

मी तिच्याजवळ गेलो आणि सांगितलं. पूल, होडी, वाक्य, सगळं. माझ्या आईचं सुद्धा सांगितलं. रात्रभर मनात पाठ केलं होतं, तरी तुटक तुटकच आलं.

लेक चिडली की माझ्यासारखीच बोलते, म्हणून मी तयारीत होतो.

"बाबा," ती म्हणाली, "शाळेत पोहण्याच्या तासाला मी पाच वर्षं बाकावर बसले. सगळ्यांचे टॉवेल माझ्याकडे असायचे. मुली विचारायच्या, मी सांगायचे, आमच्याकडे चालत नाही. मान वर करून सांगायचे, जणू काही मोठं घराणं." तिने नातीकडे पाहिलं. "या जूनमध्ये हिच्या शाळेतही तेच लिहून दिलंय मी. माझ्या सहीने."

मला वाटलं होतं की माफी मागेन. पण ती कुठल्या तोंडाने मागायची आणि कुणाकुणाची? त्यातली एक तर आता ऐकायलाही नाही.

नात आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. सात वर्षांची आहे, सगळं ऐकत असते.

"मग आपल्याकडे काय असतं?" तिने विचारलं.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. खाली होडीत हीही थांबली होती, वल्हं पाण्यात रोवून, होडी काठाशी धरून. होडीतली पुढची जागा तिने मोकळी ठेवली होती. उद्या या वेळी तिचा खांदा डॉक्टरांच्या हातात असणार होता.

"आपल्याकडे आजोबा पाण्याला घाबरतात," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, शिंप्यालाही ऐकू जाईल असं. "तेवढंच असतं. बाकी काही नसतं."

लेकीने नातीचं मनगट सोडलं.